पहाटेच्या थंडीत धावायचं कसं: आदल्या रात्रीपासून घाम वाळेपर्यंत

दिवाळी सरली की आपल्याकडे रस्त्यारस्त्यावर पोरं धावायला लागतात. कुणाला पोलीस भरतीचे १६०० मीटर मारायचे असतात, मुलींना ८०० मीटर, कुणाला सैन्यात जायचं असतं, तर कुणाला डॉक्टरांनी साखर सांगितलेली असते. मार्गशीर्ष अर्धा होतो न होतो तोच यातले निम्मे घरी बसलेले दिसतात. एकाची पोटरी धरलेली, दुसऱ्याचा खोकला जात नाही, तिसरा म्हणतो, "थंडी लई हाय, सर. संक्रांतीनंतर बघू."

गेली काही वर्षं मी परभणीत पहाटे पोरांसोबत धावतो आहे. थंडीत आजारी पडलेल्या जवळजवळ प्रत्येकाची चूक मला एकाच जागी सापडली. धावताना फार कमी बिघडतं. बिघडतं ते निघाल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत आणि थांबल्यावर पुढच्या दहा मिनिटांत. त्यातही कपड्यांचा क्रम नेमका उलटा असतो: धावताना अंगात स्वेटर आणि थांबल्यावर तोच स्वेटर कमरेला बांधलेला. खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. एखादी पायरी गाळली तर चालेल, पण पाचवी आणि आठवी गाळू नका.

१. आपली थंडी आधी समजून घ्या

मराठवाड्यातली थंडी कोरडी असते आणि ती सूर्यावर चालते. पहाटे ८-१० अंश, दुपारी २८-३० अंश, एकाच दिवशी. परभणीत तर कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. म्हणजे घरातून निघताना दात वाजतात आणि साडेआठला परत येताना कपाळावर ऊन लागतं. कपडे, पाणी, वेळ, सगळं या फरकाला धरून ठरवायचं.

लोकांना वाटतं पहाटे चारला सगळ्यात जास्त गारठा असतो आणि सहा वाजले की तो कमी होतो. तसं नसतं. रात्रभर जमीन थंड होत जाते आणि तापमान सगळ्यात खाली येतं ते सूर्योदयाच्या आसपास. म्हणून "जरा उशिरा निघू, थंडी उतरेल" म्हणत पाचऐवजी सव्वासहाला निघालात तर गारठा उलट वाढलेला सापडेल. फायदा एवढाच की उजेड असेल. थंडीच चुकवायची असेल तर सूर्य उगवून तासभर होऊ द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट सूर्योदयाची. दिवस मोठा व्हायला डिसेंबरच्या शेवटीच सुरुवात होते, पण सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो संक्रांतीच्या आसपास. जानेवारीत परभणीत सात वाजायला येतात तेव्हा सूर्य दिसतो आणि नीट दिसण्याइतकं झुंजूमुंजू व्हायला साधारण साडेसहा होतात. डिसेंबरच्या सुरुवातीला ठरवलेली वेळ जानेवारीत अंधारात जाते, हे लक्षात ठेवून घड्याळ पंधरा-वीस मिनिटं पुढे सरकवा.

> तपासा: मोबाइलवर दिसतं ते शहराचं तापमान. रस्ता ओढ्याजवळून, कालव्याच्या कडेने किंवा नदीच्या खोलगटातून जात असेल तर तिथे दोन-तीन अंश कमी धरा. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून वाहून खोलगटात साचते. पुलावर उतरताना गुडघ्यांना अचानक गार लागतं ते यामुळेच.

ज्यांना हृदयाचा त्रास आहे, रक्तदाब आटोक्यात नाही किंवा दमा आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या थंडीत पहाटे धावू नये. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि त्यात एकदम धावायला लागलं की हृदयावर दुहेरी ताण येतो. चाळिशी ओलांडलेल्या आणि पहिल्यांदाच धावायला निघालेल्या सगळ्यांना मी हेच सांगतो: जानेवारी चालण्यात घालवा, फेब्रुवारीत धावा.

२. आदल्या रात्री

पहाटे पाचला, गोधडीतून निघून, अंधारात मोजे शोधणारा माणूस धावायला जात नाही. तो परत झोपतो. म्हणून सगळं रात्रीच काढून ठेवायचं, आणि घालायच्या क्रमाने: खाली जर्किन, त्यावर ट्रॅक पँट, टी-शर्ट, सगळ्यात वर मोजे.

याशिवाय एक वेगळी पिशवी भरा. तिच्यात एक कोरडं बनियन, एक पंचा आणि एक जाड स्वेटर. ही पिशवी धावण्यासाठी नाही, थांबल्यानंतरसाठी आहे. मैदानावर जात असाल तर ती गाडीला लटकवा. घरापासून धावत असाल तर दाराच्या आतल्या खुंटीला. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही पिशवी भरा.

बूट ओट्यावर ठेवू नका. रात्रभर दव पडून ते गार आणि दमट होतात, आणि थंडीत विंचू, पाली ऊब शोधत आत शिरतात. बूट घरात ठेवा आणि सकाळी घालण्याआधी उलटे करून झटका. दवाने भिजलेले बूट चुलीजवळ वाळवायची सवयही सोडा. तळवा चिकटवलेला असतो, उष्णतेने तो डिंक सुटतो आणि पंधरा दिवसांत बुटाचं तोंड उघडतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, रात्रीतून ओल शोषली जाते.

जेवण लवकर आणि बेताचं. बाजरीची भाकरी, वरण, भाजी उत्तम. पण येळवशीला (वेळा अमावास्येला) शेतात भज्जी, उंडे, आंबील यांवर ताव मारून आलात किंवा रात्री हुरड्याला बसलात, तर दुसऱ्या दिवशी जोराचा सराव ठेवू नका. नुसतं चाला. हुरडा पचायला वेळ घेतो आणि पोटातला वायू धावताना बरगडीखाली चमक आणतो.

३. कपडे: किती आणि कोणते

नियम सोपा आहे. घराबाहेर पाऊल टाकल्यावर पहिली पाच मिनिटं थोडं हुडहुडलं पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर कपडे जास्त झाले. धावायला लागल्यावर अंग आतून तापतं, इतकं की बाहेर १० अंश असले तरी अंगाला ते २० असल्यासारखे लागतात. उभं राहायला लागणारे कपडे घालून धावलात की दुसऱ्या किलोमीटरला घामाने भिजता, आणि ओलं कापड गार वाऱ्यात अंगाची ऊब ओढून नेतं. थंडी बाधते ती या ओल्या कापडामुळे.

सुती बनियन ही आपली जुनी सवय. उन्हाळ्यात ते चांगलं, थंडीत धावायला वाईट. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. त्याजागी अंगालगत खेळाचा पॉलिस्टरचा टी-शर्ट घाला. आठवडी बाजारातही तो मिळतो, मोठ्या ब्रँडची गरज नाही. हातात घेऊन पाहा: पातळ, जाळीदार, फुंकर आरपार जाणारा असला की झालं.

आता अंदाज:

- १२ अंशांच्या वर: पूर्ण बाह्यांचा एक टी-शर्ट आणि ट्रॅक पँट. बस्स.
- ८ ते १२: त्यावर वारा अडवणारं पातळ जर्किन, चेन असलेलं. कान झाकणारी पट्टी किंवा कानटोपी. हातमोजे.
- ८ च्या खाली: आत अजून एक पातळ टी-शर्ट. नाका-तोंडावर पातळ रुमाल. जाड स्वेटर तरीही नाही.

चेनचं जर्किन का? कारण ते अंग तापत जाईल तसं थोडं थोडं उघडता येतं. डोक्यातून काढायचा स्वेटर मध्येच काढता येत नाही, काढला तर एकदम गार लागतं.

कान, बोटं आणि गुडघे यांची काळजी आधी घ्या. छाती स्वतःला सांभाळते. साधे सुती हातमोजेही चालतात, ते नसतील तर जुने मोजे हातात घाला. आमच्यातल्या मुलींनी हीच युक्ती काढली आणि ती दुकानातल्या हातमोज्यांपेक्षा उबदार निघाली, कारण मोज्यात बोटं एकत्र राहतात.

> सावधान: मफलर गळ्याभोवती घेऊन टोकं मोकळी सोडून धावू नका. ती गाडीच्या हँडलला अडकतात, कुत्र्याच्या दातात येतात. ओढणीचंही तसंच. मफलर घ्यायचाच तर टोकं जर्किनच्या आत खोचून चेन लावा.

४. घरातली दहा मिनिटं

उठल्या उठल्या एक ग्लास कोमट पाणी. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पितच नाहीत. पण हवा कोरडी असते, प्रत्येक श्वासाबरोबर ओलावा बाहेर जातो आणि गारठ्याने लघवीही जास्त होते. पोटरीत गोळे येणाऱ्या पोरांना मी पहिला प्रश्न विचारतो, "काल दिवसभरात किती पाणी प्यालास?" उत्तर बहुतेक वेळा "चहा प्यालो" असं येतं.

रिकाम्या पोटी कडक गोड चहा पिऊन धावू नका, जळजळतं. दोन खजूर किंवा अर्धं केळं पुरे. पाच किलोमीटरच्या आत धावायचं असेल तर तेही लागत नाही.

ओठांना, नाकाच्या शेंड्याला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बोटांच्या बेचक्यात पेट्रोलियम जेली किंवा तूप लावा. टाचांना भेगा असतील तर ते रात्रीच लावून मोजे घालून झोपा. उघड्या भेगांवर धावलात की माणूस नकळत पाऊल वाकडं टाकतो आणि पंधरा दिवसांनी गुडघा बोलायला लागतो.

५. वॉर्मअप: ज्यासाठी हा लेख लिहिला

मार्च-एप्रिलमध्ये पाच मिनिटांचा वॉर्मअप चालून जातो. जानेवारीत पंधरा मिनिटं लागतात. गारठलेला स्नायू आखडलेला असतो, त्याला मिळणारं रक्त कमी असतं आणि मेंदूकडून येणारा इशाराही त्याच्यापर्यंत हळू पोचतो. अशा स्नायूला एकदम जोराचा राउंड मारायला लावला की तो धरतो. पोटरी आणि मांडीची मागची शीर या दोन जागा तर हमखास.

मैदानावर रोज दिसणारी चूक अशी: पोरगा गाडीवरून येतो. आठ-दहा किलोमीटर वारा खात आल्यामुळे पाय लाकडासारखे झालेले असतात. उतरतो, एक पाय कठड्यावर टाकतो, कपाळ गुडघ्याला लावायचा प्रयत्न करतो, दोन झटके देतो आणि पळायला लागतो. थंड स्नायू असा ताणणं म्हणजे फ्रीजमधून काढलेलं रबर ओढणं. ताणण्याचे व्यायाम धावून झाल्यावर करायचे. आधी फक्त हालचालीचे.

क्रम असा ठेवा:

पहिली तीन मिनिटं घरात. दार बंद. जागेवर चाला, हात खांद्यातून पुढे-मागे फिरवा, टाचा उचलून वीस वेळा पंजांवर उभे राहा, दहा बैठका काढा. अंगात थोडी ऊब धरली की मगच दार उघडा. बाहेरचा वारा पहिल्यांदा लागतो तेव्हा अंग आकसू नये, यासाठी हे.

पुढची पाच मिनिटं भरभर चालणं. गाडीवरून आलेल्यांनी सात मिनिटं.

मग पाच मिनिटं इतकं हळू धावायचं की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. कुणी ओव्हरटेक करून गेला तर जाऊ द्या.

मग थांबून, जर्किन अंगातच ठेवून: पाय पुढे-मागे झुलवणं, प्रत्येकी दहा-बारा वेळा; पाय आडवा झुलवणं तेवढ्याच वेळा; गुडघे छातीपर्यंत उचलत वीस पावलं; टाचा मागे मारत वीस पावलं; घोटे दोन्ही बाजूंनी फिरवणं.

जोराचा सराव असेल तर शेवटी ६०-८० मीटरच्या तीन-चार धावा, प्रत्येक आधीचीपेक्षा थोडी जलद. मध्ये चालत परत यायचं.

> तपासा: कपाळावर किंवा मानेच्या मागे किंचित ओल आली का? बोटं सैल झाली का? मूठ घट्ट मिटून झटकन उघडता येत नसेल तर अजून तयारी झालेली नाही. अजून पाच मिनिटं हळू धावा.

यानंतर जर्किन काढायचं असेल तर काढा. त्याआधी नाही.

६. रस्ता: ऊस, धुई, धूर आणि कुत्री

थंडीचे महिने म्हणजे गाळपाचे महिने. रात्रभर आणि पहाटे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर कारखान्याकडे जातात, बैलगाड्या रांगेने चाललेल्या असतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो आणि ट्रॅक्टरच्या आवाजात चालकाला तुमची हाक ऐकू जात नाही. म्हणून रस्त्यावर धावताना उजव्या कडेने धावा. समोरून येणारं वाहन तुम्हाला दिसलं पाहिजे. पाठीमागून येणाऱ्याच्या भरवशावर राहू नका. ट्रॉली जवळ आली की रस्ता सोडून खाली उतरा. तिथे टायमिंगचा विचार नको.

अंगावर रिफ्लेक्टरची पट्टी हवी. सायकलच्या दुकानात चिकटवायची लाल-पिवळी पट्टी मिळते. ती जर्किनच्या पाठीवर आणि बुटाच्या टाचेवर लावा. पाठीवरच्यापेक्षा टाचेवरची जास्त उपयोगी, कारण ती हलते आणि हलणारी चमक चालकाला लवकर कळते. काळं जर्किन, काळी पँट, काळी टोपी घालून अंधारात धावणाऱ्या प्रत्येकाने एकदा स्वतः गाडी चालवत त्या रस्त्याने जाऊन पाहावं.

धुई (दाट धुकं) पडली असेल तर रस्त्यावर धावूच नका. तुरीच्या फुलोऱ्याला जशी ती मारक, तशीच धावणाऱ्यालाही. धुईत चालकाला दहा पावलांवरचं दिसत नाही. अशा दिवशी मैदानावर किंवा घराच्या गच्चीवर, जिन्यावर सराव करा. एक दिवस गेल्याने काही बिघडत नाही.

वारा बघा. निघताना वारा तोंडावर आणि परतताना पाठीवर असेल असा रस्ता निवडा. आपल्याकडे थंडीचा वारा बहुतेक उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून येतो, तर शक्यतो निघताना तोंड तिकडे करा. उलट केलंत तर जाताना घाम येतो आणि येताना तोच घाम वाऱ्यात गोठवतो.

धुराची गोष्ट फार कमी लोक मनावर घेतात. पहाटे गारठलेली हवा जमिनीलगत झाकण ठेवल्यासारखी बसते, त्यामुळे शेकोट्यांचा, पाचटाचा, पऱ्हाट्यांचा, कचऱ्याचा धूर वर जात नाही. गावाच्या कडेला कमरेच्या उंचीवर निळसर पट्टा तरंगताना दिसतो, तो हा. धावताना आपण एरवीपेक्षा कितीतरी जास्त हवा आत ओढतो. असा पट्टा दिसला तर तिथे धावू नका, वळसा घ्या. अनेकांचा "थंडीचा खोकला" हा धुराचा खोकला असतो.

आणि कुत्री. भाद्रपदात त्यांचा हंगाम होतो, साधारण दोन महिन्यांनी पिल्लं होतात. म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात गल्लीगल्लीत पिल्लांची आई असते. ती विझलेल्या शेकोटीच्या राखेत पिल्लं घेऊन पडलेली असते, आणि अंधारातून धावत येणारा माणूस तिला हल्लेखोरच वाटतो. राखेचा ढीग दिसला की वीस पावलं आधीच चालायला लागा, लांबून जा. अंगावर आलीच तर पळू नका, थांबा, हात खाली, डोळ्यांत न बघता हळूहळू मागे सरका. चावली तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करा. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका.

७. धावताना

पहिला किलोमीटर कसाही हळूच. श्वास नाकाने घ्या. नाक हवा गरम आणि ओली करून आत पाठवतं. वेग वाढला की नाक पुरत नाही, तेव्हा तोंड अर्धवट उघडा आणि रुमाल ओठांवर ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या किलोमीटरला घशात खवखव, छातीत शिट्टीसारखा आवाज किंवा थांबल्यावर सुटता सुटेना असा खोकला येत असेल तर तो नुसता दम नाही. थंड कोरड्या हवेने श्वासनलिका आकसत असू शकतात. डॉक्टरांना दाखवा. यावर चांगले उपचार आहेत, आणि "स्टॅमिना वाढला की जाईल" म्हणत तीन महिने ओढणाऱ्या पोरांचं बघून मला वाईट वाटतं.

भरतीवाल्यांसाठी एक सूचना. कडाक्याच्या पहाटे टायमिंग घेऊ नका. गारठलेल्या पायांनी १६०० मीटरला काही सेकंद जास्त लागतातच आणि उगाच धीर खचतो. टायमिंग आणि जोराचे राउंड आठवड्यातून दोनदा संध्याकाळी पाचला ठेवा, तेव्हा अंग आणि जमीन दोन्ही तापलेले असतात. पहाटे लांब आणि हळू धावा. मात्र खरं ग्राऊंड बहुधा सकाळीच असतं, म्हणून भरतीच्या तारखेआधी तीन-चार आठवडे एखादा जोराचा सराव पहाटेच्या गारठ्यात, पूर्ण वॉर्मअप घेऊन करा. रांगेत तासभर उभं राहावं लागलं तर नंबर येईपर्यंत स्वेटर अंगातून काढू नका आणि जागेवर हालचाल चालू ठेवा.

> सावधान: छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम, भोवळ: लगेच थांबा, खाली बसा, १०८ ला फोन करा. "गॅस असेल" म्हणून घरी चालत जाऊ नका. एकटे धावत असाल तरी फोन आणि नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी खिशात हवीच.

८. थांबल्यानंतरची दहा मिनिटं

मागच्या एका जानेवारीत आमच्यातल्या एका पोराने आयुष्यातलं सगळ्यात चांगलं टायमिंग दिलं. सगळे आनंदले, फोटो झाले. तो घामेजलेल्या टी-शर्टवरच मैदानाच्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसला, वीस मिनिटं गप्पा मारल्या आणि तसाच गाडीवरून बारा किलोमीटर गावी गेला. तिसऱ्या दिवशी ताप, मग खोकला. नऊ दिवस सराव बंद. पायात काहीही दोष नव्हता. तेव्हापासून आमच्यात नियम आहे: पिशवीतलं कोरडं बनियन अंगात गेल्याशिवाय कुणी फोटो काढत नाही.

क्रम:

१. एकदम थांबू नका. पाच मिनिटं चाला, श्वास खाली येऊ द्या.

२. आडोशाला जा. भिंत, गाडी, झाड, काहीही. ओला टी-शर्ट काढा, पंच्याने पाठ, छाती, काखा आणि मान कोरडी करा, कोरडं बनियन घाला, त्यावर स्वेटर, मग कानटोपी. हे सगळं दोन मिनिटांत. मुलींसाठी मैदानावर आडोसा नसतो, तर सोबतच्या दोघींनी चादर धरावी. आमच्याकडे एक जुनी सोलापुरी चादर त्यासाठीच ठेवलेली आहे.

३. आता ताणण्याचे व्यायाम. पोटरी, मांडीची पुढची-मागची बाजू, कंबर. प्रत्येकी अर्धा मिनिट, झटका न देता.

४. कोमट पाणी, मग हवा तर चहा. अर्ध्या तासात शेंगदाणे-गूळ, उकडलेलं अंडं किंवा भाकरी-दूध.

५. आंघोळ अंग निवल्यावर, कोमट पाण्याने. कढत पाणी लगेच डोक्यावर घेतलं की काहींना भोवळ येते.

गाडीवरून परत जायचं असेल तर जर्किनच्या आत, छातीवर वर्तमानपत्राची घडी घाला. वारा अडवायला याच्याइतकं स्वस्त काही नाही.

शेकोटीचं आकर्षण मला समजतं. पण ओल्या अंगाने तिच्यासमोर बसू नका: पुढून भाजतं, पाठ गार पडते आणि धूर छातीत जातो. पॉलिस्टरच्या टी-शर्टवर ठिणगी पडली तर कापड वितळून कातडीला चिकटतं. आधी कपडे बदला, मग हात शेका. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नाही. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, झोपेत जीव जातो.

९. बर्फावर धावायला जाणार असाल तर

आपल्याकडे जमीन पांढरी होते ती गारपिटीनंतर. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधलं ते दृश्य कुणी विसरलेलं नाही. पण आता इथली पोरं सैन्यातून लडाख-काश्मीरला जातात, आणि हौशी धावपटूही बर्फातल्या शर्यतींची नावं घेतात. २० फेब्रुवारी २०२३ ला लडाखमधल्या गोठलेल्या पँगाँग सरोवरावर २१ किलोमीटरची शर्यत झाली, तेव्हापासून तर मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं. वरचे सगळे नियम तिथेही तेच, फक्त चूक झाली तर किंमत मोठी.

आधी उंची. परभणी समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास, लेह साधारण साडेतीन हजारांवर. विमानाने उतरल्यावर किमान दोन दिवस धावायचं नाही, चालायचंही बेताने. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही लक्षणं असतील तर वर जायचं नाही. वाढली तर खाली उतरायचं.

बर्फावर आपली लांब टांग चालत नाही. पाऊल छोटं, ते शरीराच्या बरोबर खाली पडलं पाहिजे, गुडघा किंचित वाकलेला. पावसाळ्यात काळ्या रानाच्या चिखलातून, घसरू नये म्हणून आपण जसे पावलं टाकतो तसंच. ताज्या भुसभुशीत बर्फात पाय धरतो. कडक, काचेसारख्या चमकणाऱ्या बर्फावर बुटाला खाली खिळ्यांची साखळी लावल्याशिवाय जाऊ नका. वेग घड्याळाने मोजू नका, श्वासाने मोजा.

डोळ्यांना गडद गॉगल लागतो. ताजा बर्फ सूर्याची बहुतेक अतिनील किरणं परत फेकतो, काही तासांनी डोळे वाळू गेल्यासारखे चुरचुरतात. पाण्याची बाटली जर्किनच्या आत आणि उलटी ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, त्यामुळे उलट्या बाटलीचं तोंड मोकळं राहतं.

> सावधान: बोटं, नाक, कान बधिर होऊन पांढरट पडले तर तो हिमदंश असू शकतो. चोळू नका, बर्फ लावू नका, शेकोटीवर धरू नका. बधिर जागेला भाजल्याचं कळत नाही. आत जा, ३७ ते ३९ अंशांच्या, म्हणजे कोपराला कोमट लागेल अशा पाण्यात बुडवा आणि डॉक्टर गाठा. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर ऊब देऊन वितळवू नका, आधी सुरक्षित जागी पोचा.

आणि तीच पिशवी तिथेही. कोरडं बनियन, पंचा, स्वेटर, वर कोरडे मोजे दोन जोड. बर्फात थांबल्यावर दहा मिनिटं मिळत नाहीत. गाडी उभी असेल तर आधी आत शिरा, ओलं काढा, कोरडं घाला, आणि बुटाची लेस सगळ्यात शेवटी सोडा. उघड्यावर बसून बूट काढले की गारठलेल्या बोटांनी ते परत बांधता येत नाहीत.